सरकार विरुद्ध हाशीम

साताऱ्यात आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळचं फिरणं झालं की पाचसहा निवृत्त मंडळी एका बाकावर बसतात. बहुतेक फौजेतले. परवा तिथे एका सुभेदारांनी पेपर वाचता वाचता जाहीर केलं, की हे बाहेरच्या देशातून घुसलेले लोक, ह्यांना जामिनावर सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. सुटले की पळाले. तारखेला येतंय कोण? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सहसा त्यांच्या गप्पांत पडत नाही, कारण पडले की माझा आवाज चढतो. पण त्या दिवशी म्हटलं, "सुभेदार, माझी सगळी नोकरी कोर्टात गेली. तारखेला कोण येतं आणि कोण येत नाही, ते मी रोज माझ्या हातानं लिहिलंय. तुम्ही यातलं कुणाला पाहिलंय?" ते म्हणाले, "त्यात पाहायचं काय?" मी उठून घरी आले, रक्तदाबाची गोळी घेतली, आणि दिवसभर हाशीम काही डोक्यातून जाईना.

मी बेंच क्लार्क होते. म्हणजे न्यायाधीश साहेबांच्या पुढ्यात खालच्या टेबलाशी बसून रोजनामा लिहिणारी बाई. कुठली केस पुकारली, कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कोणती, एवढंच ते लिहिणं. नोकरीची शेवटची वर्षं सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात गेली. तिथली तऱ्हा सांगते. बोर्डावर पन्नास केसेस असल्या तर निम्मे आरोपी यायचेच नाहीत. कुणाच्या भावकीत लग्न, कुणाच्या गावची यात्रा, कुणाची मोटारसायकल पंक्चर. चांगली खातीपिती माणसं, बांधावरच्या मारामारीतले आरोपी, आणि सकाळी दहाला वकिलाला फोन करणार, "आजच्याला तेवढं भागवून घ्या." मग वकील हजेरीमाफीचा अर्ज टाकणार, आरोपी आजारी आहे. तालुक्यात तारखेच्या दिवशी जेवढी माणसं आजारी पडायची तेवढी कुठल्या साथीतही पडली नसतील. ह्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही.

हाशीम तिथं पहिल्यांदा आला तो पोलिसांबरोबर. तिशी उलटलेला, हडकुळा माणूस, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटण लावून घातलेला. तो मूळचा ब्रह्मदेशातला, समुद्राकाठच्या एका खेड्यातला मुसलमान. गाव जाळलं तेव्हा पळाला. होडीनं, पायी, दोन सरहद्दी ओलांडत बंगालमधल्या एका शहरात पोचला आणि गलाईच्या दुकानात कामाला लागला. आमच्या विट्याकडची माणसं मुलखाच्या चारी टोकांना ही दुकानं चालवतात. सोनाराकडचं मोडीचं सोनं भट्टीत आटवायचं, तेजाबात घालून शुद्ध करायचं आणि परत द्यायचं, असा तो धंदा. ते दुकान आप्पांचं होतं. आप्पा तालुक्यापासून चौदा किलोमीटरवरच्या एका गावचे. भट्टीपुढं बसून बसून त्यांचे डोळे गेले, तेव्हा त्यांनी दुकान विकलं आणि गावी परतले. येताना हाशीमला बरोबर आणलं. त्याला दुसरं कुठं जायला नव्हतं आणि आप्पांना हात धरून चालवायला कुणीतरी हवंच होतं.

वर्षभरानं गावातून कुणीतरी अर्ज केला आणि पोलीस येऊन हाशीमला घेऊन गेले. पासपोर्ट नाही, परवाना नाही. दिल्लीतल्या निर्वासितांच्या कचेरीचं एक कार्ड होतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. ते साहेबांनी उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. आपल्या कायद्यात त्या कार्डाला फारसा थारा नाही.

जामिनाच्या अर्जावर सरकारी वकील बाकावरच्या सुभेदारांसारखंच बोलले. ह्याचं इथं घर नाही, दार नाही, नातं नाही, हा एकदा सुटला की पुन्हा दिसायचा नाही. मग साहेबांनी आप्पांना पुढं बोलावलं. आप्पा फेट्याला हात लावत, टेबलं चाचपत आले.

"तुमचं ह्याचं नातं काय?"

"न्हाई जी काय."

"मग जामीन का राहताय?"

"बारा वर्सं माज्या तिजोरीची चावी ह्येच्या कमरंला हुती. सोनं गुंजभर इकडचं तिकडं झालं न्हाई. आता मला दिसत न्हाई, तरीबी ह्येच्याच हातानं जेवतोय. आनि काय सांगू सायेब?"

साहेब तरुण होते, नुकतेच लागलेले. त्यांनी जामीन दिला. आप्पांनी सातबारा ठेवला, दिसत नसल्यानं सहीऐवजी अंगठा केला. अटी तीन. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, तालुका सोडायचा नाही, आणि प्रत्येक तारखेला स्वतः यायचं. बाहेर पडताना आमचा पट्टेवाला मारुती माझ्या कानाशी म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याची जमीन गेली म्हनून समजा." मलाही तसंच वाटलं होतं. हे कबूल केलेलं बरं.

पुढची सव्वादोन वर्षं तो प्रत्येक तारखेला आला. मारुती कुलूप काढायला यायचा तेव्हा हाशीम पायरीवर बसलेला असायचा, आणि शेजारी काठीवर हनुवटी टेकून आप्पा. त्याच्या कामाची एक खोड अंगात मुरली होती. गलाईच्या दुकानात केर टाकत नाहीत, त्यात सोन्याचे कण असतात. तो व्हरांड्यात बसायच्या आधी बाकाखालचा केर हातानं गोळा करायचा, तळहातावर घेऊन उजेडात निरखायचा आणि मगच बाहेर टाकायचा. "गावलं का रं काय?" मारुती विचारायचा. "ह्या कोर्टात सोनं न्हाई मामा," तो गंभीरपणे सांगायचा. तेजाबानं त्याच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की पोलीस ठाण्याच्या मशीनला त्याचा अंगठा कळायचा नाही. म्हणून आप्पांनी त्याला देवनागरीत सही शिकवली. स्वतःला दिसत नसताना, त्याचा हात हातात धरून.

पण खरी गंमत होती त्याच्या बोलण्यात. पहिल्याच तारखेला त्याच्या वकिलांनी साहेबांना विनंती केली, की आरोपी परकीय आहे, त्याला भाषा समजत नाही, तरी दुभाष्या मिळावा. हाशीम पिंजऱ्यातून म्हणाला, "दुभाष्या कशाला जी? मला कळतंय की समदं." अख्खं कोर्ट हसलं. त्याला हिंदी धड यायची नाही, बंगाली कामापुरती, पण मराठी अशी की डोळे मिटले तर खानापूर तालुक्यातला कुणी धनगर बोलतोय असं वाटावं. दुकानात आप्पा आणि गावाकडची चार माणसं, त्यांच्यातच तो बारा वर्षं राहिला होता. छापील मराठी त्यानं ऐकलीच नव्हती. साहेब मुंबईकडचे. कधी कधी साहेब काय म्हणाले ते मला हाशीमला सांगावं लागायचं आणि हाशीम काय म्हणाला ते साहेबांना.

एकदा उन्हाळ्यात आप्पांना ताप होता म्हणून वकिलांनी परस्पर हजेरीमाफीचा नेहमीचा अर्ज टाकला, आरोपी आजारी आहे. मी तो साहेबांपुढं ठेवते न ठेवते तोच मारुतीनं पुकारा केला आणि हाशीम दारातून आत आला. त्या दिवशी बंद होता, एसट्या नव्हत्या. चौदा किलोमीटर चालत आला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. साहेबांनी अर्जाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं.

"तू आजारी आहेस ना?"

"न्हाई जी. आप्पा हायती. मला काय धाड भरली न्हाई."

वकिलांचं तोंड पाहण्यासारखं झालं. पुढच्या तारखेला आप्पांनी माझ्यादेखत त्याला झापलं, "वकिलाचं त्वांड पाडलंस व्हय रं भर कोर्टात?" आणि तो जरा लांब गेल्यावर मला हळूच म्हणाले, "पर बरं केलं. म्याच सांगून ठेवलंय त्येला. कोर्टानं इचारायच्या आदी आपन सांगावं. मंग कोर्टाला आपल्यावर संशव घ्यायला जागा ऱ्हात न्हाई." आप्पांचा कोर्टावर असा विश्वास होता. मी आत बसणारी. माझा एवढा नव्हता.

तारीख मात्र पुढं सरकत राहिली, कारण आरोपी यायचा आणि सरकारचेच साक्षीदार यायचे नाहीत. ज्या अधिकाऱ्यानं त्याला पकडलं होतं त्याची बदली झाली होती. समन्स जायचं, तो यायचा नाही. मी लिहायचे: आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर. पानंच्या पानं तसं लिहिलं आहे मी. चीड यायची. कुणावर काढणार?

तो इतका इमानेइतबारे का येतो, हे मला एका दुपारी कळलं. वीज गेली होती, काम थांबलं होतं. मारुती त्याला चेष्टेनं म्हणाला, "तुला पुकारा ऐकायला लय आवडतंय जनू." हाशीम हसला नाही. म्हणाला, "व्हय मामा. आमच्या गावात सरकारनं आमची नावंच लिवून घेतली न्हाईत. तुमी न्हाईच, म्हनायचे. माजा भाऊ उचलून न्हेला. आई तीन दिस ठान्याच्या दारात बसली. आत हाय का न्हाई, त्येबी कुनी सांगितलं न्हाई. हितं तुमी सरकार इरुद्द हाशीम म्हनून वरडता. समद्यांदेखत. मी हाय म्हनून कुनीतरी बोलतंय." मारुतीनं त्याला चहा पाजला. त्या दिवसापासून मारुती त्याचं नाव पुकारताना जरा जास्तच मोठ्यानं ओरडायचा आणि साहेब दचकायचे.

मग त्या थंडीत आप्पा गेले. साखर होती, पाय काळा पडला होता. महिनाभर त्या पायाची जखम हाशीमनंच धुतली. मयताला मात्र त्याला पुढं येऊ दिलं नाही, तो पार मागनं चालला, हे मला मारुतीनं सांगितलं. मारुतीचा मेहुणा त्या गावातला.

आप्पा जाऊन सहा दिवस झाले होते आणि हाशीमची तारीख होती. तो एकटाच पायरीवर बसला होता. मी आत जाताना उठून उभा राहिला.

"बाई, आप्पा गेलं. सायबास्नी सांगायचं हाय."

आमच्या कोर्टांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. जामीनदार मेला की कायद्यानं आरोपीला नवा जामीनदार द्यावा लागतो, नाहीतर तुरुंग. पण जामीनदार मेल्याचं कोर्टाला कळवतो कोण? आरोपी कळवत नाही, वकील कळवत नाही, आम्ही विचारत नाही. कित्येक फायलींत मेलेली माणसं वर्षानुवर्षं जामीन उभी आहेत. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुला कुणी विचारलंय? गप बस. तारीख घे आणि घरी जा."

"आप्पांनी सांगितलंय इचारायच्या आदी सांगायचं."

"आप्पा नाहीत आता."

"म्हनून तर सांगायचं हाय," तो म्हणाला.

पुकारा झाला. तो आत आला आणि कुणी काही विचारायच्या आत हात जोडून म्हणाला, "सायेब, माजं जामीनदार वारलं." वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेब बराच वेळ फाईल चाळत बसले. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, मला ठाऊक होतं. पण एकदा भर कोर्टात ऐकल्यावर त्यांना न ऐकल्यासारखं करता येत नव्हतं. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. नवा जामीनदार आण, नाहीतर कोठडीत जावं लागेल, असं दोनदा समजावून सांगितलं. हाशीम म्हणाला, "व्हय जी."

त्या पंधरा दिवसांत मी दोन गोष्टी केल्या. दोन्ही माझ्या नोकरीला शोभणाऱ्या नव्हत्या. पहिली म्हणजे आप्पांच्या थोरल्या मुलाला फोन केला. हाशीम त्याला विचारणार नव्हता. "घर सुतकात हाय, त्यास्नी कसं इचारू?" एवढंच त्याचं म्हणणं. थोरला गुजरातेत दुकान चालवतो, दिवसांसाठी गावी आला होता. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, "बाई, बापानं केलं ते केलं. मी हितं ऱ्हात न्हाई, मला रोज गावाचं बोलनं ऐकाय लागतंय. त्येच्यापायी पोलीस दारात आलं तर मी तिकडनं काय करू? तुमी हुबं ऱ्हाता का?" मी कोर्टाची नोकर, मला जामीन राहता येत नाही, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. पण राहता येत असतं तर मी राहिले असते का, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही, आणि त्याची मला लाज वाटते. कोर्टाच्या आवारात वडाखाली बसून कुणालाही जामीन राहणारी माणसं असतात. चोराला राहतात, दरोडेखोराला राहतात. त्यांनीही ह्याचं नाव ऐकून मान हलवली.

दुसरी गोष्ट म्हणजे, सोमवारची हजेरी देऊन तो मारुतीला भेटायला आला तेव्हा दुपारच्या सुट्टीत मी त्याला स्पष्ट सांगितलं, "हाशीम, पुढच्या तारखेला येऊ नकोस."

मारुती चहाचा पेला धरून तसाच उभा राहिला. मीही स्वतःचंच ऐकत होते. उभ्या जन्मात मी आरोपीला असं सांगितलं नव्हतं.

"न्हाई आलो तर काय हुईल?" त्यानं विचारलं.

"वॉरंट निघेल. तोवर तू लांब जा. इतका मोठा मुलूख आहे, गलाईची दुकानं गावोगाव आहेत. कुणीही ठेवून घेईल तुला. आलास तर आत जाशील, आणि आतून तुला कुठं पाठवतील ते माझ्या हातात नाही, साहेबांच्याही नाही. परत तिकडंच पाठवतील कदाचित. जिथं गाव जाळलं तिथं."

"ते ठावं हाय मला." तो म्हणाला, "पर आरोपी न्हाई आला तर मामा जामीनदाराचं नाव पुकारत्यात. मी बगितलंय. तीनदा. आप्पांचं नाव पुकारनार?"

मी त्याला कायदा सांगितला. मेलेल्या जामीनदाराची सुटका होते, त्याच्या जमिनीला कुणी हात लावत नाही, नोटीससुद्धा निघत नाही. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मारुतीकडं वळला.

"कायद्यात नसंल. पर मामा, तुमी नाव घेनार का न्हाई?"

मारुतीला खोटं बोलता आलं असतं. मी त्याच्याकडं डोळे वटारून पाहत होते. पण तो सरळ माणूस. "कागदावर हाय तवर घ्यावं लागतंय रं गड्या," तो म्हणाला.

"मंग झालं तर. त्येनी पंधरा वर्सं भाकरी घातली. व्हरांड्यात चोरासारकं त्यांचं नाव वरडायचं, आनि त्या गावची समदी मानसं हितं बसल्याली. ते न्हाई जमायचं बाई."

मी चिडले. "तू मूर्ख आहेस," असं म्हणाले. आज तो शब्द परत घ्यावासा वाटतो.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. कोठडीत गेल्यावर त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली, तीही आत काढलेल्या दिवसांत भागली, आणि सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारातून त्याला दुसऱ्या गाडीनं नेलं. आधी कुठल्याशा केंद्रात, मग सरहद्दीकडं, असं वकिलांच्या कानावर आलं. ते खरं की खोटं, मला कळलं नाही. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. यातलं काहीच मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कबुलीसुद्धा त्यानं तुरुंगातून, व्हिडिओच्या पडद्यावरून दिली आणि त्या दिवशी मी रजेवर होते. खरं सांगायचं तर मुद्दाम रजेवर होते.

मी पाहिलं ते त्या तारखेला. तो आला. नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण. हातात कपड्यांची एक पिशवी होती. केस पुकारल्यावर आत येऊन उभा राहिला.

"जामीनदार आणलास?"

"न्हाई जी."

"मग?" साहेबांनी चष्मा काढला. "मग कशाला आलास?"

साहेबांनी असं विचारायला नको होतं. न्यायाधीशानं विचारायचा तो प्रश्नच नव्हे. विचारल्यावर त्यांनाही ते जाणवलं असावं.

"तारीख हुती," हाशीम म्हणाला.

हुकूम दोन ओळींचा होता. आप्पांचा जामीनकतबा, म्हणजे त्यांनी लिहून दिलेला जामीन, रद्द झाला आणि आरोपीला कोठडी. हाशीमनं सही केली. पोलिसांनी पिशवी तपासून परत दिली. मी रोजनामा अर्धा सोडून त्यांच्यामागं व्हरांड्यात गेले. असं मी कधी करत नसे. गाडी पायरीला लागली होती. तो आत चढला, बसला आणि जाळीतून मला म्हणाला, "बाई, आप्पांचं नाव कागदावरनं निगालं का?"

"निघालं."

"कुनी काडलं?"

"मी. लाल शाईनं रेघ मारली."

"मंग बरं झालं," तो म्हणाला, आणि शिपायाला बसायला जागा व्हावी म्हणून पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात सरकला. गाडी गेली. मला रडू आलं, ते मी व्हरांड्यात सगळ्यांदेखत रडले. आत साहेब थांबले होते, म्हणून मारुती आणि मी परत गेलो.

मारुतीनं पुढची केस पुकारली. बांधावरच्या मारामारीची होती, पाच आरोपी, आमच्याच तालुक्यातले. त्यानं दारात उभं राहून तीन तीनदा एकेकाचं नाव घेतलं. कुणीही आलं नाही. वकिलांनी उठून अर्ज दिला, पाचही जण आजारी होते, आणि साहेबांनी तो मंजूर केला.